वकील पायरीपाशी थांबला

(पंखा. दर तिसऱ्या फेरीला टक्.)

*

सत्तावीस किलो.

*

"देवानं तुझे डोळे काढले आणि ह्याच्या तोंडावर बसवले बघ," समोरच्या काकू म्हणाल्या. काकूंना मी अजून एकदाही उलट बोललेले नाही. माझ्या घराची जादा किल्ली त्यांच्याकडे असते.

*

आमच्या लिफ्टमध्ये पूर्वी एक बाई बोलायची. "पहिला मजला. दुसरा मजला." आवाज कायम सर्दी झाल्यासारखा, पण बाई सचोटीची. तिसऱ्या मजल्याला तिनं कधी चौथा म्हटलं नाही. सेक्रेटरींची दुपारची झोप मोडते म्हणून तिची वायर कापण्यात आली.

*

कापसाचा बोळा जमिनीवर पडला तर आवाज होत नाही.

*

साक्षीदार: (अस्पष्ट).

हा शब्द मी बारा वर्षांत एकदाही खोटा लिहिला नव्हता.

*

"सांभाळा, पायरी आहे."

*

आता नीट सांगते. नाहीतर म्हणाल, आंधळ्या बाईचं बोलणंही चाचपडतच चाललंय. असं म्हणणारे लोक आहेत. त्यांतले निम्मे माझ्याच इमारतीत राहतात.

मी सरकारी चौकशांची ध्वनिमुद्रणं ऐकून टाइप करते. घरबसल्या. एका कचेरीत दालन क्रमांक दोन नावाची खोली आहे. तिथे रोज कुणाची ना कुणाची चौकशी चालते, ती मुद्रित होते आणि संध्याकाळी माझ्या संगणकावर येऊन पडते. जे बोललं गेलं ते मी टाइप करते, आणि जे बोललं गेलं नाही ते कंसात. (खुर्ची सरकते.) (दोघे एकदम बोलतात.) (शांतता, चार सेकंद.) माझी खरी हुशारी त्या कंसात आहे. माणसं वाक्यांत हवं तेवढं खोटं बोलतात, खुर्च्या बोलत नाहीत. साक्षीदार "मला काहीच आठवत नाही" म्हणतो तेव्हा त्याची खुर्ची जे बोलते, ते ऐकून मी कितीतरी निकाल आधीच ओळखलेत. पण मला कोण विचारतो?

ते दालन मी बारा वर्षं ऐकत होते. पाय मात्र तिथे कधी ठेवला नव्हता.

कुत्र्याचं नाव वकील. कारण तो कशावरही हरकत घेतो. दूधवाला, कुकरची शिट्टी, पलीकडच्या इमारतीतलं पेटीवादन. हरकत नोंदवली की खाली बसतो आणि पुढचं कामकाज चालू देतो. बारा वर्षांचा आहे, रंग मला सांगितला गेलाय तपकिरी, जात मला सांगितली गेलीये कुठलीच नाही. इमारतीत त्याला सगळे "अहो वकीलसाहेब" म्हणतात. मला "ती चौथ्या मजल्यावरची" म्हणतात.

ह्या वकिलाला दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी तो जेवणाच्या टेबलाच्या पायावर तीनदा आपटला, तेव्हा त्याला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "डोळे दिसायला ठणठणीत आहेत. मागचा पडदा गेलाय. दोन्हीकडचा." मला हसू फुटलं. डॉक्टरांना वाटलं मी रडतेय. त्यांनी पाणी आणून दिलं. मी प्यायले. एवढ्या चांगल्या माणसाचा गैरसमज दूर करण्यात काय अर्थ!

मग मी त्याला शिकवलं. मला शाळेत जे शिकायला सहा वर्षं लागली ते तो तीन आठवड्यांत शिकला, कारण त्याला कुणी "बिचारा" म्हणत नव्हतं. भिंतीची कड धरायची. खरखरीत पायपुसणं लागलं की दार आलं. मी मांडीवर एक टिचकी मारली की थांब, दोन मारल्या की चल, जीभ टाळ्याला लावून टक् केलं की पायरी. रस्त्यावर माझ्या उजव्या हातात काठी, डाव्या हातात पट्टा, आणि वकील माझ्या गुडघ्याला खांदा लावून चालतो. मी नेते, तो येतो.

इमारतीला मात्र उलट दिसतं. डोळे असल्याचा हा फायदा. परवा तो उभ्या स्कूटरवर धडकला तर वॉचमन म्हणाला, "बघा, ताईंना लागू नये म्हणून स्वतः आडवा गेला!" खड्ड्यात पाय गेला तर, "खड्डा दाखवला." मी काठीनं खड्डा शोधून त्याला वळवून नेलं तर, "वा, काय हुशार जनावर." काठी माझ्या हातात असते, हे बहुधा त्यांना माझं दुखणं वाटत असावं.

मी खरं का सांगितलं नाही? सांगणार होते. पण त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतल्या लंगड्या कुत्रीवरून काकू म्हणाल्या, "इंजेक्शन द्यावं गं बिचारीला. सुटेल तरी. असं जगण्यात काय आहे?" आणि त्याच श्वासात, "तू कशी आहेस?"

मी म्हटलं, "मजेत." आणि तोंड मिटलं.

*

ह्या साऱ्या रामायणाची सुरुवात दोन ओळींच्या अर्जानं झाली. वकिलाचे मागचे पाय दुखायला लागले होते. चौथा मजला, बहात्तर पायऱ्या, दिवसातून दोनदा. आणि इमारतीचा नियम चौदा (ब) म्हणतो, पाळीव प्राण्यांनी जिन्याचा वापर करावा. (नियम प्राण्यांना कोण वाचून दाखवणार, ह्याचा खुलासा नाही.) आठवडाभर मी त्याला उचलून आणलं. सत्तावीस किलो, वर काठी, वर माझं वय. मग अर्ज केला: कुत्रा वृद्ध आहे, लिफ्टनं न्यायला परवानगी मिळावी.

सेक्रेटरी स्वतः दारात आले. ते निवृत्त आहेत. कशातून, ते त्यांनी इतक्या वेळा सांगितलंय की माझ्या लक्षात राहिलेलं नाही. माझ्याशी ते नेहमी मोठ्यानं आणि सावकाश बोलतात, जणू माझे कान दूरगावी राहतात.

"हे बघा, तुमच्यासाठी एक नियम मोडला तर उद्या कोणी म्हैस आणेल."

"चौथ्या मजल्यावर?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"काका, तो म्हातारा झालाय. तुम्हीही लिफ्टनंच जाता."

(शांतता, तीन सेकंद.)

हे मी बोलायला नको होतं. दोन दिवसांनी नोटीस आली, काकूंनी ती वाचून दाखवली, आणि वाचताना "अरे देवा" आपल्या पदरचे घातले. तीस दिवसांत एकतर जिना, नाहीतर "सदर प्राण्याची अन्यत्र व्यवस्था". खाली बारीक अक्षरात सूट होती: सरकारी प्रमाणपत्र असलेला सहाय्यक श्वान असेल तर लिफ्ट चालेल.

"मग सोपंच आहे की!" काकू म्हणाल्या. "वकील तुला नेतोच. तसा कागद घेऊन यायचा. एका दिवसाचं काम."

धाकट्या भावाला फोन केला. वकिलाचं गुपित डॉक्टरांखेरीज त्यालाच ठाऊक होतं. तो म्हणाला, "ताई, म्हणजे तू सरकारकडे जाऊन सांगणार, की ह्या आंधळ्या कुत्र्याला माझी वाट दिसते?"

"मी काहीच सांगणार नाही. त्यांना जे दिसतं ते बघू देत."

"आणि नापास झाला तर?"

"तर तुझ्याकडे येईल."

"माझ्याकडे? अगं तुझ्या भावजयीला शिंका येतात. आणि त्याला त्या घराचं काय ठाऊक? तो भिंतींवर आपटत बसेल."

तेच तर. वकिलाला जगात एकच घर पाठ होतं.

*

कचेरीतल्या खिडकीवरचा कारकून सज्जन होता. सज्जन माणसं फार वेळ खातात.

"ह्यांचं नाव काय?" त्यानं भावाला विचारलं.

"त्यांनाच विचारा ना."

कारकुनानं खिडकीतून तोंड बाहेर काढलं. "नाऽऽव काय?" शेजारच्या रांगेतल्या माणसानं स्वतःचं नाव सांगितलं.

अर्जात एक रकाना होता: श्वानास प्रशिक्षण देणारी संस्था. मी सांगितलं, "घरगुती." दुसरा रकाना: श्वान आज्ञा कुठल्या भाषेत पाळतो. भाऊ म्हणाला, "पाळत नाही," आणि मी त्याच्या पायावर पाय दिला. मग सहीची वेळ आली.

"अंगठा द्या."

"मी सही करते."

"अर्जदार अंध असल्यास डाव्या अंगठ्याचा ठसा. छापलंय इथे."

"मी एम.ए. आहे हो."

तो विचारात पडला. खरोखर पडला, मला त्याची पेन्सिल टेबलावर वाजताना ऐकू येत होती. मग म्हणाला, "मग उजव्या अंगठ्याचा चालेल."

शेवटी होती "सोबतच्या सुजाण व्यक्तीची सही". ती भावानं केली. हा सुजाण माणूस अडतीस वर्षांचा आहे आणि अजून बायकोला विचारतो, आपले मोजे कुठे असतात. त्याची सही एका झटक्यात झाली. माझा उजवा अंगठा आठवडाभर जांभळा होता, असं काकू म्हणाल्या. मला फक्त वासावरून समजलं.

"चाचणी पुढच्या मंगळवारी," कारकून भावाला म्हणाला. "दालन क्रमांक दोन."

मी विचारलं, "कुठलं दालन?"

"दोन. घाबरू नका ताई, कुत्रा नेईल तुम्हाला."

भावाला नंतर आश्चर्य वाटलं की मी परत येताना सबंध रस्ता गुणगुणत का होते.

*

मंगळवार. दार उघडलं आणि मी ऐकलं: टक्. पंखा. तीन फेऱ्या. टक्.

बारा वर्षं एखाद्या माणसाशी फोनवर बोलावं आणि मग एक दिवस त्याच्या घरी जावं, तसं झालं. डाव्या भिंतीतला पाण्याचा पाइप, वर कोणी हात धुतले की गुळण्या करतो. उजव्या कोपऱ्यातलं कपाट, ट्रक गेला की थरथरतं. समोर ओटा, त्यावर साहेबांची खुर्ची, डावीकडे झुकताना कुंईं करते. आणि ओट्याची ती पायरी. दर साक्षीदाराला शिपाई सांगतो, "सांभाळा, पायरी आहे," आणि दर साक्षीदार तरी ठेचकाळतो. दारापासून पायरीपर्यंत बूट घातलेल्या पुरुषांची चौदा पावलं होतात, चपला घातलेल्या बायकांची सतरा. किती हजार वेळा मोजलीत म्हणून सांगू?

आत तिघे होते. परीक्षक साहेब, बरोबर एक पशुवैद्य, ज्यांचा घसा सारखा साफ होत होता, आणि शिपाई. निदान मला तिघेच ऐकू आले.

"ह्यांची काठी काढून घ्या," साहेब म्हणाले.

"का?" मी.

"बाई, तुम्ही काठीनं चाललात तर कुत्र्याची परीक्षा कशी होणार?" हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की खुर्ची कुंईं झाली.

काठी गेली. एक सांगते, काठी काढून घेतल्यावर कसं वाटतं ते चष्मा काढून घेतल्यासारखं नसतं. ते हात काढून घेतल्यासारखं असतं. माझ्या गुडघ्याला वकिलाचा खांदा टेकलेला होता आणि तो थरथरत होता. त्याला ही खोली पाठ नव्हती. भाऊ मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या श्वासावरून ओळखलं, तो वकिलाला घरी कुठे झोपवायचं ह्याचा विचार करतोय.

शिपाई अडथळे मांडायला लागला. म्हणजे खुर्च्या. आणि त्यानं त्या उचलून नाही ठेवल्या. फरफटत नेल्या.

मनात म्हटलं, बाबा रे, तुझं कल्याण होवो. बारा वर्षं मी "(खुर्ची सरकते)" ह्या दोन शब्दांवर पोट भरलंय. पहिली खुर्ची पंख्याच्या टकीखाली. दुसरी तिच्या उजवीकडे, कपाटाच्या बाजूला. तिचा एक पाय आखूड. तिसरी पायरीच्या तीन पावलं अलीकडे. जवळजवळ नकाशाच काढून दिला.

"सोडा कुत्र्याला. बाई, तुम्ही काही करू नका. फक्त त्याच्यामागे चला."

मी दोन टिचक्या मारल्या आणि निघाले. वकील निघाला.

पाच पावलं, टकीच्या आधी डावीकडे. पाइपानं गुळणी केली, भिंत हातभर लांब, ठीक. उजवीकडे. "बघा, बघा," साहेब पशुवैद्यांना म्हणाले, "खुर्ची कशी चुकवली! जनावर आहे पण काय अक्कल!" आठ, नऊ. तेवढ्यात ट्रक गेला, कपाट थरथरलं, आणि वकिलानं हरकत घेतली. मोठ्यानं, तीनदा.

"धोक्याचा इशारा दिला," साहेब म्हणाले. "लिहून घ्या."

अकरा. बारा. आणि इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करायला हवी. तेराव्या पावलाला वकील गपकन थांबला. मी टिचकी मारली नव्हती. दोन मारल्या, हलेना. हात पुढे केला तर एका माणसाचं पोट लागलं. दालनात चौथा माणूस होता! साक्षी लिहून घेणारा कुणी कनिष्ठ, जो सगळा वेळ एका स्टुलावर अवाक्षर न काढता बसला होता. अशा माणसांची ध्वनिमुद्रणात नोंद होत नाही; मी त्याला बारा वर्षं ऐकलाच नव्हता. त्याच्या मांडीवर डबा होता. वकिलाला डब्याचा वास आला होता. श्रेय त्याचं त्याला. एका खोलीत ऐकू न येणारी माणसंही बसलेली असतात, हे मला एका कुत्र्यानं आणि एका डब्यानं शिकवलं. माझा माज थोडा उतरला. थोडाच.

पोटाला वळसा. तिसऱ्या खुर्चीला वळसा. पंधरा, सोळा, सतरा. जीभ टाळ्याला लावून टक् केलं, इतकं हळू की ते पंख्याच्या टकीत मिसळून गेलं.

वकील पायरीपाशी थांबला.

"थांबला!" साहेब उठूनच उभे राहिले. "पायरी दिसली त्याला! सांभाळा बाई, पायरी आहे!"

शिपायाचं वाक्य पळवल्याबद्दल शिपाई नाराज झाला. (पाय घासतो.)

मग पशुवैद्य उतरून आले, वकिलासमोर बसले, त्याचे दात पाहिले, कान पाहिले. काही वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्यांनी घसा साफ केला. "झालं," ते म्हणाले. "तुम्ही बाहेर बसा."

बाहेर येता येता साहेबांनी वकिलाला थोपटलं आणि भावाला म्हणाले, "नीट सांभाळा ह्याला. ह्याच्याशिवाय बाईंचं काय होईल?"

भाऊ तोंडावर रुमाल धरून जिन्याकडे पळाला. मी काठी परत मागितली. ती कुठे ठेवली हे शिपायाला सापडेना. दहा मिनिटं शोधून ती अखेर त्याच कोपऱ्यात मिळाली, जिथे तो ती ठेवताना मला ऐकू आली होती. मी सांगत होते. पण तो शोधत होता.

*

निकाल लगेच लागत नसतो. दालन दोनमधल्या प्रत्येक कामकाजाची टाइप केलेली प्रत फायलीला लावल्याशिवाय प्रमाणपत्रावर सही होत नाही, हे मला ठाऊक होतं. ती प्रत कोण टाइप करतं, तेही मला ठाऊक होतं.

गुरुवारी संध्याकाळी ध्वनिमुद्रण आलं. विषय: सहाय्यक श्वान चाचणी.

मी लगेच हेडक्लार्कना फोन लावला. चारित्र्य म्हणून काही असतं.

"साहेब, ही चाचणी माझीच आहे. नियमानं मी टाइप करू नये."

"मग कोण करणार? दुसऱ्या बाई रजेवर आहेत."

"पण माझा त्यात हितसंबंध आहे."

"काय बाई तुम्हीपण! तुम्हाला कुठे दिसतंय कोणाची फाइल आहे ते? करा, सोमवारी हवंय."

असं मला सरकारनं लेखी नाही, पण तोंडी कळवलं, की मला हितसंबंध असू शकत नाहीत. मी कानांवर हेडफोन चढवला. पान पहिलं ते तिसरं चोख आहे. माझ्या कुत्र्याची हरकतही मी तीनच्या तीन भुंकण्यांसकट नोंदवली. चौथं पान, मी दालनाबाहेर पडल्यानंतरचं, असं:

(दार बंद होते.)
परीक्षक: कमाल कुत्रा आहे.
पशुवैद्य: (घसा साफ करतात.) साहेब, मी त्याच्यासमोर कापसाचा बोळा टाकला. (अस्पष्ट).
परीक्षक: काय सांगता?
पशुवैद्य: (अस्पष्ट).
परीक्षक: (अस्पष्ट)?
(शांतता, नऊ सेकंद. पंखा.)
परीक्षक: जाऊ द्या हो. आपल्यासमोर चालून दाखवलं ना? उत्तीर्ण लिहा. चला, जेवायला.
(खुर्च्या सरकतात.)

सोमवारी प्रत गेली. बुधवारी प्रमाणपत्र आलं: "सदर श्वान अंध अर्जदारास सुरक्षितपणे मार्गदर्शन करण्यास सक्षम आहे." काकूंनी वाचलं आणि रडल्या. वकिलानं पाकिटावर हरकत घेतली.

*

मग सत्कार. टाळायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. पण आमच्या इमारतीला सरकारी शिक्क्याचा पहिलाच रहिवासी मिळाला होता. खाली वाहनतळात खुर्च्या मांडल्या, माइक आणला, आणि एक महिन्यापूर्वी ज्याची अन्यत्र व्यवस्था करायची होती त्या प्राण्याच्या गळ्यात सेक्रेटरींनी पदक घातलं.

"ह्या मुक्या जीवापासून," सेक्रेटरी म्हणाले, "आपण डोळस माणसांनी खूप शिकायला हवं." टाळ्या. "आणि चौथ्या मजल्यावरच्या आपल्या... आपल्या..." इथे त्यांची गाडी अडली. मला काय म्हणायचं ह्यावर कार्यकारिणीत आधी चाळीस मिनिटं चर्चा झाली होती, असं काकूंकडून कळलं. "आपल्या ह्या ताईंनासुद्धा, इच्छा असल्यास, दोन शब्द बोलता येतील."

मी माइक घेतला. "लिफ्टमधला आवाज परत चालू करा," मी म्हणाले. "मला मजले कळत नाहीत." मोजले, नऊ शब्द झाले. सात जास्तीचे.

"आता कशाला?" सेक्रेटरी प्रेमानं म्हणाले. "वकीलसाहेब आहेत ना!"

हशा. टाळ्या.

लिफ्टमध्ये आता सत्काराचा फोटो लावलाय. काकूंनी वर्णन करून सांगितलं. वकील मधोमध, पदक चकाकतंय, एका बाजूला सेक्रेटरी, दुसऱ्या बाजूला खजिनदार.

"आणि मी?"

"तू आहेस की. पट्टा धरलेला हात आलाय तुझा. छान आलाय हो हात."

असो. लिफ्ट मिळाली. वकिलाला मात्र ते डबडं पहिल्या दिवसापासून पसंत नाही. पायाखालची जमीन हलते आणि कुठे पोचलो ते कळत नाही. मला त्याचं म्हणणं शंभर टक्के पटतं. म्हणून मी त्याला मजले शिकवायला घेतलेत. मजला आला की लिफ्ट किंचित उचकी देते, ती मी मोजते आणि सांगते. नाक चिमटीत धरून, सर्दी झालेल्या आवाजात, चांगलं खणखणीत: "पहिला मजला. दुसरा मजला." दुपारी दोन ते चारमध्ये आम्ही सहा फेऱ्या करतो. तेव्हा शिकवलेलं पक्कं बसतं.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं आणि झोपेनं जड झालेला आवाज आला. "अहो ताई, हे काय चाललंय?"

"प्रशिक्षण, काका."

"पण किती मोठ्यानं!"

"तुमच्याकडूनच शिकले." आणि मग, कारण मला वाईटही वाटलं, अगदीच थोडं: "प्रमाणपत्राची अट आहे. मार्गदर्शनाचा सराव चालू ठेवणे. वाचून दाखवू का?"

(शांतता, पाच सेकंद.)

"नको, नको. चालू द्या. चालू द्या, वकीलसाहेब."

वकील खाली बसला होता. त्यानं हरकत घेतली नाही. "तिसरा मजला," मी म्हणाले, आणि माझ्या गुडघ्याला टेकलेला खांदा उठला. एक मजला आधीच, दाराकडे तोंड करून.

त्या मंगळवारी दालन क्रमांक दोनमध्ये, नऊ सेकंदांच्या शांततेच्या आधी, परीक्षकांनी पशुवैद्यांना विचारलं होतं, "कुत्र्याला दिसत नाही, तर मग त्या बाईंना कोण नेत होतं?" ध्वनिमुद्रण स्वच्छ होतं.